मधुमेही मांजर आणि घरातला ग्लुकोमीटर

मांजराला मधुमेह झाल्याचं निदान झालं की घरच्यांना पहिली धास्ती वाटते ती इंजेक्शनची. दिवसातून दोनदा, बारा बारा तासांनी, महिनोन्महिने सुई टोचायची. ती टोचणार कोण आणि मांजर टोचू देणार का? या धास्तीत तथ्य थोडंच आहे. इन्सुलिनची सुई अतिशय बारीक असते, मांजराच्या पाठीवरची आणि बरगड्यांवरची कातडी सैल असते, आणि तोंड खाण्याच्या वाटीत असताना बहुतेक मांजरांना सुई टोचल्याचं कळतही नाही. आठवड्याभरात घरच्यांचा हात बसतो. अवघड प्रश्न पुढचा आहे : किती टोचायचं? आज बरोबर असलेला डोस तीन आठवड्यांनी जास्त ठरू शकतो, आणि मांजरांमध्ये असं होण्याची शक्यता कुत्र्यांपेक्षा बरीच अधिक असते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की मधुमेही मांजराच्या उपचारात घरच्या घरी रक्तातली साखर मोजण्याला इन्सुलिनइतकंच महत्त्व आहे, आणि हे मोजणं निदान झाल्यापासून पहिल्याच आठवड्यात सुरू व्हायला हवं. पशुवैद्य डोस ठरवतील, पण कशाच्या आधारावर? तो आधार मांजर जिथे राहतं तिथेच मिळतो.

यामागचं कारण मांजराच्या शरीरात आहे. मांजर पक्कं मांसाहारी. उंदीर, पाखरं, सरडे, किडे या त्याच्या मूळ आहारात कर्बोदकं नगण्य असतात. त्यामुळे मांजराचं यकृत प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपासून सतत साखर बनवत राहतं. जेवणातून एकदम आलेली साखर उचलून साठवायला आपल्या यकृतात ग्लुकोकायनेज नावाचं एक विकर असतं. मांजराच्या यकृतात त्याचं काम जवळजवळ बंदच असतं. अशा प्राण्याची नसबंदी झाली, हिंडणं-फिरणं घरापुरतं उरलं, कोरड्या खाण्याची वाटी दिवसभर भरलेली राहिली, की वजन वाढतं आणि पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मांजराचा मधुमेह बहुतांशी माणसाच्या टाइप २ मधुमेहाच्या वळणाचा आहे, आणि हे साम्य खोलवरचं आहे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिनबरोबर अमायलिन नावाचं प्रथिन सोडतात. त्याचे थर माणसांप्रमाणे मांजरांमध्येही साचतात आणि त्या पेशींना निकामी करत जातात. कुत्र्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या बीटा पेशी निदान होईपर्यंत जवळपास संपलेल्या असतात आणि बहुतेकांना जन्मभर इन्सुलिन लागतं. मांजराच्या बीटा पेशी मात्र थकलेल्या, दबलेल्या असतात. त्यातल्या काही अजून सावरू शकतात. ब्रिटनमध्ये विमा उतरवलेल्या मांजरांची पाहणी झाली तेव्हा दर २३० मांजरांमागे एक मधुमेही निघालं, बर्मीज जातीत त्याहून अधिक. उतारवय, लठ्ठपणा आणि स्टेरॉइडची औषधं यांनी धोका वाढतो, आणि मांजरीपेक्षा बोक्याला तो अधिक असतो.

पेशी सावरू शकतात ही नुसती आशा नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डोहान आणि ल्युकन्स यांनी १९४७ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मांजरांना सतत ग्लुकोज देत राहिल्यावर स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बेटांनाच इजा झालेली दिसली. पुढे २००९ मध्ये निरोगी मांजरांच्या रक्तात दहा दिवस साखर चढी ठेवून पाहण्यात आली, तेव्हाही बीटा पेशींचं काम खालावलं आणि त्या मरू लागल्या. चरबी चढी ठेवलेल्या मांजरांत तसं झालं नाही. म्हणजे चढलेली साखर हे मधुमेहाचं लक्षण तर आहेच, शिवाय ती मधुमेह वाढवणारं विषही आहे. ती लवकर खाली आणली आणि खाली ठेवली, तर उरलेल्या बीटा पेशींना उसंत मिळते, आणि बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पूर्ण बंद करता येतं. इन्सुलिनशिवाय निदान चार आठवडे साखर प्रमाणात राहिली तर पशुवैद्य त्याला रेमिशन म्हणतात. माणसाच्या मधुमेहाकडे पाहून 'एकदा इन्सुलिन लागलं की लागलंच' अशी आपली ठाम समजूत झालेली असते. मांजराच्या बाबतीत ती समजूत नुकसान करते, कारण तिच्यामुळे सुरुवातीचे मोलाचे महिने 'जरा बरं वाटतंय ना, मग चालू द्या' या धोरणात जातात.

हे 'बरं वाटणं' फसवं कसं असतं, इथे थोडं थांबायला हवं. मधुमेही मांजर खूप पाणी पितं आणि खूप लघवी करतं, कारण रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण २५० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत. साखर लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. निरोगी मांजराची साखर साधारण ८० ते १२० च्या आसपास असते. आता समजा, इन्सुलिन सुरू झाल्यावर ती ४५० वरून २३० पर्यंत आली. तहान कमी होते, वाळूचा ट्रे पूर्वीसारखा चिंब होत नाही, वजन घटायचं थांबतं. घरचे खूश, पशुवैद्यही समाधानी. पण २३० म्हणजे निरोगी आकड्याच्या दुप्पट, आणि ही साखर बीटा पेशींना कुरतडतच राहते. डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवरून ही अवस्था ओळखता येत नाही. लघवीच्या पट्टीवरूनही नाही, कारण पट्टीला साखर दिसत नाही तेव्हा रक्तातली साखर २२० आहे, १०० आहे की ४० आहे, हे तिला सांगता येत नाही. आणि ४० म्हणजे जिवावरचा धोका.

मग दवाखान्यात नेऊन दिवसभर तपासावं, असं कोणी म्हणेल. दवाखाना हवाच, पण या एका कामासाठी तो सोयीचा नाही. पिंजऱ्यात कोंबलेलं, रिक्षातून नेलेलं, शेजारी कुत्रं भुंकत असलेलं मांजर भेदरतं, आणि भेदरलेल्या मांजराचं यकृत रक्तात साखर ओततं. मधुमेह नसलेल्या मांजराचीही साखर अशा वेळी ३०० च्या पलीकडे जाऊ शकते. म्हणूनच निदान करताना चांगले पशुवैद्य एका आकड्यावर विसंबत नाहीत. आधीच्या एक-दोन आठवड्यांतली सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामिनची तपासणी करून घेतात. निदानापुरती ती सरासरी पुरते. डोस ठरवायला मात्र इन्सुलिन दिल्यानंतर साखर सर्वांत खाली किती उतरली आणि केव्हा उतरली, हे कळावं लागतं. सकाळी इंजेक्शनआधी ३२० असलेली साखर दुपारी ७० वर आली असेल, तर सकाळचा आकडा पाहून डोस वाढवणं घातक ठरेल. दुपारी ती २८० च असेल, तर डोस न वाढवणं म्हणजे वेळ दवडणं. सकाळचा आकडा दोन्हीकडे सारखाच. फरक दुपारी दिसतो, आणि दुपारी मांजर घरात खिडकीपाशी झोपलेलं असतं.

मोजण्याची पद्धत माणसांसारखीच आहे, फक्त बोटाऐवजी कान. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने कान थोडा गरम करायचा, आतून कापसाचा आधार द्यायचा आणि शीर व कड यांच्या मधल्या जागेत लॅन्सेट टोचायचं. केसांत रक्त पसरू नये म्हणून आधी तिथे व्हॅसलिनचं बोट फिरवलं तर थेंब गोळा राहतो. नंतर कान थोडा वेळ दाबून धरायचा आणि लगेच आवडीचा खाऊ द्यायचा. रोज त्याच जागी, त्याच वेळी हे झालं की पुष्कळ मांजरं स्वतःहून येऊन बसतात. घरात आजी-आजोबांचा ग्लुकोमीटर असेल तर तो चालेल का? चालतो, पण एक गोष्ट ध्यानात ठेवून. माणसाच्या रक्तातली साखर तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा यांत बऱ्यापैकी विभागलेली असते. मांजराच्या रक्तात ती जवळजवळ सगळी प्लाझ्मात असते. माणसांसाठी बनवलेला मीटर हा फरक धरत नाही, आणि मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. प्राण्यांसाठीचे वेगळे मीटर मिळतात. ते मिळाले तर उत्तमच. न मिळाले तर कायम एकच मीटर वापरावा आणि तो कोणता आहे हे पशुवैद्यांना सांगावं, म्हणजे ते आकडे त्या हिशेबाने वाचतील. माणसांसाठीचा, दंडावर चिकटवायचा सेन्सरही आता मांजरांना लावतात. तो काही दिवस सतत साखर नोंदवतो आणि टोचणं वाचवतो, मात्र महाग पडतो आणि मांजराच्या अंगावर पूर्ण मुदत टिकेलच असं नाही.

घरी मोजून काय साधतं, याचा सर्वांत बोलका पुरावा २००९ साली आला. जर्मनीतल्या कर्स्टन रूम्प आणि ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या जॅकी रँड यांनी ५५ मधुमेही मांजरांच्या नोंदी तपासल्या. त्यांचे पालक घरी दिवसातून अनेकदा साखर मोजत होते, ग्लार्जिन हे दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन देत होते आणि ठरलेल्या नियमांनुसार डोस थोडा थोडा बदलत होते. एकूण ६४ टक्के मांजरांचं इन्सुलिन बंद झालं. निदानापासून सहा महिन्यांच्या आत ही काटेकोर पद्धत सुरू झालेल्या मांजरांत हे प्रमाण ८४ टक्के होतं. उशीर झालेल्यांत ३५. या अभ्यासावर आक्षेप घेता येतात आणि ते घेतलेच पाहिजेत. हे पालक हौसेने, जिद्दीने मोजणारे होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मांजरांची संख्याही लहान. जगभरच्या अभ्यासांत रेमिशनचं प्रमाण इतकं वेगवेगळं येतं की कुठल्याही एका आकड्याला वचन समजू नये. हे सगळं मान्य करूनही दोन गोष्टी शिल्लक राहतात. लवकर सुरुवात केलेल्या आणि उशिरा सुरुवात केलेल्या, दोन्ही प्रकारच्या मांजरांचे पालक तितकेच जिद्दी होते, तरीही निकालात एवढं अंतर पडलं. आणि प्रयोगशाळेतल्या मांजरांनी साखरेच्या विषाबद्दल जे आधीच सांगितलं होतं, त्याच्याशी हे अंतर तंतोतंत जुळतं.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा. साखर निरोगी पातळीपर्यंत खाली आणायची म्हणजे ती फार खाली जाण्याचा धोका पत्करायचा. हे घरच्यांच्या हाती कसं सोपवायचं? अनेक पशुवैद्य याच भीतीने डोस मुद्दाम कमी ठेवतात, आणि घरी कोणी मोजत नसेल तर त्यांचं ते वागणं अगदी बरोबर आहे. पण मोजणारं घर असेल तर हिशेब उलटतो. त्याच ५५ मांजरांत साखर उतरल्याची बाहेरून दिसणारी सौम्य लक्षणं एकाच मांजरात आढळली. न मोजणाऱ्या घरात मांजर रेमिशनकडे सरकत असतं, त्याची गरज दर आठवड्याला घटत असते, आणि घरचे मात्र महिन्यापूर्वी लिहून दिलेला डोस इमानाने टोचत राहतात. बेशुद्ध होऊन झटके येणारी मांजरं बहुधा अशा घरांतली असतात. इंजेक्शनआधीचा एक आकडा बघण्याने हा धोका पुष्कळच टळतो. नेहमी ३०० असणारी साखर आज ११० दिसते, तर सुई बाजूला ठेवायची आणि फोन उचलायचा. डोस घरच्यांनी मनाने वाढवू नये, हे पशुवैद्यांचं म्हणणं मी पूर्ण मानतो. वाढ अर्ध्या किंवा पाव युनिटाची, आणि आधीच्या डोसाला काही दिवस देऊन मगच. डोस टोचताना अर्धं इन्सुलिन केसांत सांडलं असं वाटलं, तरी पुन्हा टोचायचं नाही. एक वेळ साखर चढलेली राहिली तर मांजर मरत नाही. दुप्पट इन्सुलिनने मरू शकतं. मांजर लटपटायला लागलं, भेलकांडलं, शून्यात बघू लागलं आणि मीटर ६० च्या खाली दाखवत असेल, तर शुद्धीत असताना खायला द्यावं, नाहीतर ग्लुकोजचं दाट पाणी किंवा मध हिरड्यांना चोळावा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये, आणि सावरल्यासारखं वाटलं तरी दवाखाना गाठावा.

आपल्याकडे आणखी एक धोका विशेष ध्यानात ठेवायला हवा. भारतात माणसांची बरीच इन्सुलिनं आजही एका मिलिलिटरला ४० युनिट अशा बाटल्यांत मिळतात, तर ग्लार्जिन १०० युनिटांचं असतं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या : ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका युनिटाच्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात अडीच युनिट आत जातात. ऐंशी किलोच्या माणसाला दीड युनिटाच्या फरकाने काही होत नाही. चार किलोच्या मांजराचा सुरुवातीचा डोसच बहुधा एक युनिटाच्या आसपास असतो, आणि तिथे ही चूक जीव घेऊ शकते. औषधाच्या दुकानात 'इन्सुलिनची सिरिंज द्या' एवढंच म्हणून भागत नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे हे दर वेळी पाहायलाच हवं. घरात कुणासाठी आणलेलं ३०-७० सारखं मिश्र इन्सुलिन मांजराला देऊन बघणं हाही तसाच अविचार. ही मिश्रणं आणि जुनी एनपीएच इन्सुलिनं मांजराच्या शरीरात फार लवकर संपतात : साखर धाडकन खाली येते आणि बारा तास पुरे होण्याआधीच पुन्हा वर जाते. ग्लार्जिन आम्लधर्मी द्रावणात विरघळलेलं असतं, कातडीखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि ते हळूहळू विरघळत राहतात; म्हणून ते पाण्याने पातळ करायचं नाही, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही.

खाण्याबद्दल पुरावा चांगला आहे. २००६ मध्ये अमेरिकेत ६३ मधुमेही मांजरांवर १६ आठवडे झालेल्या तुलनेत कमी कर्बोदकांचं डबाबंद ओलं खाणं मिळालेल्यांपैकी ६८ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. मध्यम कर्बोदकांचं, तंतुमय खाणं मिळालेल्यांपैकी ४१ टक्क्यांचं. बाजारातल्या बहुतेक कोरड्या खाण्यात ऊर्जेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक कर्बोदकांतून येतो, कारण दाणा बांधायला पिष्ट लागतंच. आपल्या घरातली दूध-पोळी, दूध-भात किंवा मासळीच्या रश्शात कालवलेला भात यांची गत वेगळी नाही. मांजर ते मिटक्या मारत खातं म्हणून ते त्याच्या शरीराला मानवतं असं नव्हे. हा बदल करताना मात्र मोजणं फार जरुरीचं ठरतं. भात-पोळी बंद होताच इन्सुलिनची गरज काही दिवसांतच झपाट्याने घटू शकते, आणि जुनाच डोस चालू राहिला तर साखर कोसळते. खाणं बदलायचं तर पशुवैद्यांना आधी सांगून, रोज मोजत बदलावं. वजन उतरवायचं म्हणून मांजराला उपाशी मात्र कधीही ठेवू नये. काही दिवसांच्या उपासाने त्याच्या यकृतात चरबी साचून ते जिवावर बेततं.

आता गोळ्या आल्या आहेत, मग हा खटाटोप कशाला, असाही प्रश्न येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनची गोळी आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिनचं तोंडाने द्यायचं द्रव औषध मांजरांसाठी मंजूर केलं. मूत्रपिंडांतून साखर बाहेर टाकणारी ही औषधं काही मांजरांना खरोखर उपयोगी आहेत. पण आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजरांना ती देऊ नयेत असा स्पष्ट इशारा त्यांच्यासोबत आहे, आणि त्यांच्यामुळे रक्तात कीटोन साचून होणारा जीवघेणा विकार साखर प्रमाणात दिसत असतानाही उद्भवू शकतो. तिथे तर रक्तातले कीटोन तपासावे लागतात. औषध कोणतंही असो, मोजण्यातून सुटका नाही.

कधी कधी नीट मोजून, खाणं सुधारून, डोस वाढवत नेऊनही साखर हटत नाही. तेव्हाही घरी मोजलेले आकडे लिहून ठेवलेली वही कामाला येते, कारण दोष घरच्यांच्या हयगयीचा नाही हे ती आकड्यांत दाखवते आणि पशुवैद्यांना पुढे शोधायला लावते. दात-हिरड्यांचे आजार किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग इन्सुलिनला अडवू शकतो. ब्रिटनमध्ये हजाराहून अधिक मधुमेही मांजरांचं रक्त तपासलं तेव्हा जवळजवळ चौथा हिस्सा मांजरांत पीयूषिका ग्रंथीतून वाढीचं संप्रेरक जास्त स्रवत असल्याच्या खुणा सापडल्या; अशा मांजरांचा मूळ रोग वेगळाच असतो.

रोज कान टोचून मांजराचे हाल करायचे का, हा शेवटचा आक्षेप माया असणाऱ्या माणसांकडूनच येतो, म्हणून त्याचं उत्तर आदराने द्यायला हवं. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या मांजराच्या मागच्या पायांच्या नसा दुखावतात. ते पंजांऐवजी टाचा जमिनीला टेकवत चालू लागतं, ओट्यावर उडी मारणं त्याला जमेनासं होतं. साखर आवाक्यात आली तर हे पाय पुन्हा बळ धरू शकतात. कानाला क्षणभर टोचणं आणि पायातलं बळ जाणं यांत निवड करायची असेल, तर कुठली माया खरी, हे मला स्पष्ट दिसतं.

ज्यांच्या मांजराचं इन्सुलिन बंद होईल त्यांना एवढंच सांगायचं आहे, की मीटर माळ्यावर टाकू नका. इन्सुलिन सुटलेल्या मांजरांपैकी काहींचा मधुमेह परत येतो, विशेषतः वजन पुन्हा वाढलं, जुनं खाणं परत सुरू झालं किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं तर. आठवड्यातून एकदा कानाचा एक थेंब तपासत राहा, आकडा तारखेसह वहीत लिहा, आणि तो लागोपाठ दोनदा चढलेला दिसला तर तहान वाढायची वाट न बघता पशुवैद्यांकडे जा.